‘अनडिफाइन्ड व्हेरिएबल’चा खोटा इशारा: तो का येतो, कसा तपासायचा आणि कसा काढायचा

कोड चालतो, टेस्ट पास होतात, तरी एडिटरमध्ये एका नावाखाली लाल रेघ आहे. टूल म्हणतं, हे नाव कुठे डिफाइनच झालेलं नाही. अशा वेळी बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात: रेघेकडे दुर्लक्ष करायला शिकतात किंवा कॉन्फिगमध्ये तो नियमच बंद करतात. दोन्ही महागात पडतं. एरर हाताळणाऱ्या, क्वचितच चालणाऱ्या फांदीत एखादं नाव चुकीचं टाइप झालं असेल, तर ते टेस्टमध्ये सहसा सापडत नाही. ते हाच नियम पकडतो. म्हणून इशारा गप्प करण्याच्या मागे लागू नका. टूलकडे कोणती माहिती नाही ते शोधा आणि ती त्याला शक्य तितक्या लहान जागेत द्या.

टूलला काय दिसतं आणि काय दिसत नाही

स्टॅटिक अ‍ॅनालिसिस करणारं टूल तुमचा कोड चालवत नाही. ते फाइल वाचून तिचं सिंटॅक्स ट्री बनवतं. प्रत्येक फंक्शन, क्लास आणि मॉड्यूलचा स्कोप (नाव जिथपर्यंत ओळखलं जातं ती हद्द) आखतं, कुठल्या ओळीत कुठलं नाव तयार होतं त्याची नोंद करतं आणि मग वापरलेलं प्रत्येक नाव त्या नोंदींमध्ये शोधतं. सापडलं नाही की इशारा देतं. याचा अर्थ, जे नाव कोड चालताना बाहेरून आत येतं, ते टूलच्या लेखी नसतंच.

इशाऱ्याची भाषा नीट वाचा, कारण वरवर सारखे दिसणारे तीन वेगळे इशारे असतात आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. पहिला: नाव कुठेच तयार होत नाही. पायथन तपासणाऱ्या फ्लेक८ आणि रफमध्ये हा एफ८२१, पायलिंटमध्ये ई०६०२, जावास्क्रिप्टच्या ईएसलिंटमध्ये नो-अनडेफ, शेल स्क्रिप्टच्या शेलचेकमध्ये एससी२१५४, लुआच्या लुआचेकमध्ये ११३. दुसरा: नाव तयार होतं, पण प्रत्येक वाटेवर नाही. पायथनचे टाइप तपासणारं पायराइट याला ‘पॉसिब्ली अनबाउंड’ म्हणतं, पायलिंटमध्ये तो ई०६०६ आहे. तिसरा: नाव बहुधा तारांकित इंपोर्टमधून (मॉड्यूलमधली सगळी नावं * लिहून एकदम आणणाऱ्या ओळीतून) येत असावं, पण टूलला खात्री नाही. हा एफ४०५, आणि त्याच्या जोडीला इंपोर्टच्या ओळीवर एफ४०३ दिसतो.

जुन्या प्रोजेक्टमध्ये असे शेकडो इशारे असतील तर एकेक सोडवत बसू नका. टूल फक्त त्या एका नियमासाठी चालवा, आउटपुटमधली नावं वेगळी काढा आणि कोणतं नाव किती वेळा आलंय ते मोजा. बहुधा चार-पाच नावांनीच सगळी यादी व्यापलेली असते. मग काम शेकडो ओळींचं राहत नाही, त्या चार-पाच नावांचं होतं. उरतात ती एकेकदाच आलेली नावं. ती आधी बघा, कारण टायपिंगच्या खऱ्या चुका तिथेच लपलेल्या असतात.

पहिली पायरी: इशारा खरंच खोटा आहे का

‘कोड चालतो’ हा पुरावा नाही. ती विशिष्ट ओळ चालली का, हे बघायचं. कव्हरेज रिपोर्टमध्ये (टेस्टमध्ये कोणत्या ओळी चालल्या ते दाखवणाऱ्या अहवालात) ती ओळ कोरी असेल तर इशारा खरा असण्याची शक्यता धरूनच पुढे जा.

खोटा वाटणारा पण खरा असलेला इशारा कसा असतो, ते पायथनच्या एका उदाहरणात जवळून पाहू. ट्राय ब्लॉकनंतर ‘एक्सेप्ट व्हॅल्यूएरर अ‍ॅज ई’ अशी ओळ आहे आणि तो ब्लॉक संपल्यावर खाली कुठेतरी ‘ई’ लॉगमध्ये छापलाय. वाचणाऱ्याला वाटतं, ई तर वरच तयार झालाय. पण पायथन ३ मध्ये एक्सेप्ट ब्लॉक संपताच ते नाव मुद्दाम पुसलं जातं. एक्सेप्शन ट्रेसबॅकला धरून ठेवतं, ट्रेसबॅक फ्रेमला आणि फ्रेम पुन्हा त्या नावामार्फत एक्सेप्शनला. हे चक्र मेमरीत अडकून राहू नये म्हणून भाषेनेच तशी सोय केलीय. त्यामुळे खालची ओळ चालली की नेमएरर येणार, मग एक्सेप्शन आलेलं असो वा नसो. टूल बरोबर आहे. उपाय असा: ट्रायच्या आधी ‘चूक = नन’ लिहा, ब्लॉकच्या आत ‘चूक = ई’ करा आणि बाहेर ‘चूक’ वापरा.

दुसरा नेहमीचा प्रकार लूपचा. फॉर लूपच्या आत ‘शेवटची_ओळ’ला किंमत दिली आणि लूपनंतर ती वापरली. यादी रिकामी आली की लूपच्या आतलं काहीच चालत नाही आणि नाव तयारच होत नाही. ‘यादी कधी रिकामी नसते’ असं वाटत असेल तर ते कोडमध्ये लिहा. लूपआधी रिकाम्या यादीसाठी स्पष्ट एरर द्या आणि लूपच्या जागी यादीचा शेवटचा घटक थेट घ्या. मग नाव बिनशर्त तयार होतं.

दुसरी पायरी: टूल कोणत्या डोळ्यांनी बघतंय

एडिटरमध्ये एकाच वेळी दोन-तीन टूल्स चालू असतात. इशाऱ्यावर माउस नेला की टूलचं नाव आणि नियमाचा कोड दिसतो, तो टिपून घ्या. मग तेच टूल, त्याच फाइलवर, प्रोजेक्टच्या मुळाशी जाऊन टर्मिनलमध्ये चालवा. टर्मिनलमध्ये इशारा येत नसेल तर कोडला हात लावू नका. एडिटरने दुसरी आवृत्ती, दुसरं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट किंवा दुसरी कॉन्फिग फाइल उचललेली आहे.

कोणती कॉन्फिग लागू होतेय ते टूललाच विचारा. ईएसलिंटला ‘प्रिंट-कॉन्फिग’ हा पर्याय आणि फाइलचं नाव द्या. रफला ‘चेक’सोबत ‘शो-सेटिंग्ज’ द्या. फ्लेक८ला फक्त आवृत्ती विचारली तरी ते कोणत्या पायथनवर चालतंय तेही छापतं.

ही शेवटची माहिती का महत्त्वाची? फ्लेक८च्या आतलं पायफ्लेक्स अंगभूत नावांची यादी ज्या पायथनवर ते स्वतः चालतंय त्याच्याकडून घेतं. ‘एक्सेप्शनग्रुप’ हे नाव पायथन ३.११ मध्ये आलं. तुमचा कोड ३.११ साठी लिहिलेला आणि फ्लेक८ मात्र ३.१० मध्ये इन्स्टॉल केलेलं, तर एफ८२१ येणारच. रफ पायथनवर चालत नाही, पण ते ‘टार्गेट-व्हर्जन’ बघतं. ते ३.१० वर राहिलं असेल तर निकाल तोच. इथे नाव सूचीत घालणं हा चुकीचा उपाय, आवृत्ती जुळवणं हा बरोबर. मात्र प्रोजेक्टला खरंच ३.१० चालवायचं असेल, तर इशारा खरा आहे आणि त्याने तुम्हाला वाचवलंय.

तिसरी पायरी: बाहेरून आत सोडलेली नावं

खोट्या इशाऱ्यांचं सर्वात मोठं कुळ हे. फ्रेमवर्क, प्लगइन चालवणारा होस्ट, टेस्ट रनर किंवा नोटबुक स्वतःहून काही नावं तुमच्या फाइलच्या स्कोपमध्ये टाकतात.

पायथनमधलं ठळक उदाहरण भाषांतराचं. पायथनच्या गेटटेक्स्ट मॉड्यूलचं ‘इन्स्टॉल’ फंक्शन एकदा बोलावलं की एकच अंडरस्कोर हे नाव थेट बिल्टिन्समध्ये, म्हणजे भाषेच्या अंगभूत नावांमध्ये, जातं आणि प्रत्येक फाइलमध्ये इंपोर्टशिवाय चालतं. टूलला ते दिसणं शक्य नाही. सर्वात स्वच्छ उपाय म्हणजे प्रत्येक फाइलच्या डोक्यावर भाषांतराचं फंक्शन अंडरस्कोर या नावाने स्पष्टपणे इंपोर्ट करणं. एक ओळ वाढते, पण वाचणाऱ्यालाही नाव कुठून आलं ते कळतं. ते जमत नसेल तर कॉन्फिगमध्ये सांगा: फ्लेक८ आणि रफमध्ये ‘बिल्टिन्स’, पायलिंटमध्ये ‘अ‍ॅडिशनल-बिल्टिन्स’. पायराइटसाठी प्रोजेक्टच्या मुळाशी ‘बिल्टिन्स’ नावाची, पुढेमागे दोन-दोन अंडरस्कोर असलेली पीवायआय (फक्त टाइपची माहिती असलेली) फाइल ठेवा आणि तिच्यात त्या फंक्शनची सही लिहा. ही शेवटची पद्धत उजवी, कारण नावासोबत टाइपही कळतो.

एक सावधगिरी. बिल्टिन्सच्या यादीत टाकलेलं नाव सगळ्या प्रोजेक्टभर माफ होतं. प्लगइनच्या एकाच फोल्डरमध्ये ‘होस्ट’ हे नाव मिळत असेल, तर रफसाठी त्या फोल्डरमध्ये वेगळी रफ डॉट टॉमल फाइल ठेवा, तिच्यात ‘एक्स्टेंड’ने मूळ कॉन्फिग ओढा आणि फक्त तिथे नाव वाढवा. नाहीतर उद्या दुसऱ्या फोल्डरमध्ये कुणी चुकून ‘होस्ट’ लिहिलं तर टूल गप्प बसेल.

जावास्क्रिप्टमध्ये हीच चूक फार मोठ्या प्रमाणावर होते. ईएसलिंटच्या नव्या, सपाट कॉन्फिगमध्ये ‘लँग्वेजऑप्शन्स’च्या आत ‘ग्लोबल्स’ असतं आणि ‘ग्लोबल्स’ नावाच्याच पॅकेजमधून तयार याद्या घेता येतात: ब्राउझर, नोड, जेस्ट, मोका वगैरे. नो-अनडेफ ओरडतोय म्हणून लोक सगळ्या याद्या सगळ्या फाइल्सवर लावून मोकळे होतात. ब्राउझरच्या यादीत काय काय आहे ते एकदा उघडून बघा. नेम, स्टेटस, इव्हेंट, लेंग्थ ही साधी नावं तिथे आहेत, कारण विंडो ऑब्जेक्टवर ती खरोखरच असतात. म्हणजे फंक्शनच्या पॅरामीटरमधून ‘नेम’ काढून टाकलं आणि आत वापर तसाच राहिला, तर इशारा येणार नाही. कोड विंडोचं नाव वाचत राहील, आणि ते बहुधा रिकामी स्ट्रिंग असतं.

म्हणून याद्या फाइलच्या पॅटर्ननुसार लावा. टेस्ट फाइल्सना टेस्ट रनरची यादी, बिल्ड स्क्रिप्टना नोडची, ब्राउझर कोडला ब्राउझरची. त्यावर ‘नो-रिस्ट्रिक्टेड-ग्लोबल्स’ने नेम, इव्हेंट, स्टेटस यांसारखी फसवी नावं पुन्हा अडवा. बाहेरच्या स्क्रिप्टने दिलेलं एखादंच नाव असेल तर फाइलच्या वर ‘ग्लोबल’ची कॉमेंट पुरते. तिथे नावापुढे ‘रीडओन्ली’ लिहा, म्हणजे त्याला चुकून किंमत दिली तर तेही पकडलं जाईल. जुन्या फाइल्समध्ये ‘ईएसलिंट-एन्व्ह’ची कॉमेंट दिसली तर ती काढा. सपाट कॉन्फिगमध्ये ती चालत नाही, आणि दहाव्या आवृत्तीपासून तर एरर म्हणून दाखवली जाते.

टाइपस्क्रिप्टच्या फाइल्समध्ये मात्र नो-अनडेफ सरळ बंद करा. हे काम कंपायलर स्वतः जास्त चांगलं करतो, तर ईएसलिंटच्या या नियमाला टाइपच्या दुनियेतली ग्लोबल नावं कळत नाहीत. टाइपस्क्रिप्टसाठीचं ईएसलिंट चालवणाऱ्या मंडळींचाही हाच सल्ला आहे. नियम सरसकट बंद करणं योग्य ठरावं अशा मोजक्या जागांपैकी ही एक.

लुआमध्ये निओव्हिम या एडिटरची कॉन्फिग लिहिणाऱ्या प्रत्येकाला ‘व्हिम’ हे ग्लोबल अनडिफाइन्ड असल्याचा इशारा दिसतो. लुआचेकच्या कॉन्फिगमध्ये ते ‘रीड_ग्लोबल्स’मध्ये टाका. व्हिमच्या आतल्या फील्डला किंमत देत असाल तर ‘ग्लोबल्स’मध्ये टाका. लुआ लँग्वेज सर्व्हरमध्ये ‘डायग्नोस्टिक्स’खाली ‘ग्लोबल्स’ची यादी आहे.

तारांकित इंपोर्ट आणि स्ट्रिंगमधली नावं

एफ४०५ वर उपाय एकच: तारा काढा आणि लागणारी नावं एकेक लिहा. यादी हाताने शोधायची गरज नाही. इंपोर्टची ओळ तात्पुरती काढून टूल चालवा, जेवढी नावं एफ८२१ म्हणून येतील तीच तुमची यादी. दोन मॉड्यूल्समधून तारांकित इंपोर्ट असतील तर दोन्ही एकदम काढा, कारण एक जरी राहिला तरी नावं एफ४०५ म्हणूनच येतात. एकच नाव दोन्हीकडून येत असेल तर खालचा इंपोर्ट वरच्यावर मात करतो, तो क्रम लक्षात घेऊन नाव योग्य मॉड्यूलला जोडा.

स्ट्रिंगचा प्रकार कमी दिसतो, पण गोंधळात टाकतो. पायथनमध्ये टाइप अ‍ॅनोटेशनमधली स्ट्रिंग ही पुढे येणाऱ्या नावाचा उल्लेख मानली जाते. जॅक्सटायपिंगसारख्या लायब्ररीत मात्र ‘बॅच’ अशी स्ट्रिंग म्हणजे अ‍ॅरेच्या बाजूचं नाव. टूल तिला व्हेरिएबल समजून एफ८२१ देतं आणि स्ट्रिंगमध्ये दोन शब्द असतील तर सिंटॅक्स चुकल्याचा एफ७२२. एकशब्दी स्ट्रिंगच्या सुरुवातीला एक स्पेस दिली की एफ८२१ टळतो. एफ७२२ मात्र त्या फाइल्सपुरता बंद करावा लागतो.

‘कदाचित अनडिफाइन्ड’: इथे थांबून विचार करा

हा प्रकार सर्वात अवघड, कारण इथे टूलला नाव दिसतंय, फक्त वाट पटत नाही. कोड कुठल्या वाटेने जाईल हे सर्व प्रोग्रॅम्ससाठी अचूक सांगणं गणितानेच अशक्य ठरवलंय. राइसचा १९५३ चा सिद्धांत तेच सांगतो. म्हणून प्रत्येक टूल कुठेतरी अंदाज बांधतं.

जोडलेल्या अटी हे त्याचं नेहमीचं रूप. वर ‘जर सेव्ह करायचं असेल’ या अटीखाली फाइलचा पत्ता ठरवलाय, मध्ये वीस ओळी आहेत आणि खाली पुन्हा त्याच अटीखाली तो पत्ता वापरलाय. माणसाला दोन्ही अटी एकच दिसतात. टूल मात्र प्रत्येक अट स्वतंत्र धरतं आणि ‘वर खोटी, खाली खरी’ ही चौथी वाटही मोजतं. मधल्या वीस ओळींत ती अट बदलू शकेल असं काही असेल, तर टूलचा संशय रास्तच आहे. दोन्ही तुकडे एकाच अटीखाली आणा, किंवा पत्ता ठरवणारं वेगळं फंक्शन करून खालच्या अटीतच ते बोलवा.

दुसरं रूप न परतणाऱ्या फंक्शनचं. ‘एल्स’मध्ये तुमचं ‘बंद_करा’ हे फंक्शन बोलावलंय, जे एरर छापून प्रोग्रॅम थांबवतं. टूलला ते कळलं नाही तर त्याला वाटतं, फंक्शन परत येईल आणि पुढच्या ओळीवर नाव नसेल. फंक्शनच्या परतीचा टाइप ‘नोरिटर्न’ असा लिहा. पायलिंटमध्ये ‘नेव्हर-रिटर्निंग-फंक्शन्स’ या यादीतही नाव घालता येतं. पीएचपीमध्ये ८.१ पासून ‘नेव्हर’ हा परतीचा टाइप याचसाठी आहे. एका ओळीच्या या बदलाने अनेक फाइल्समधले इशारे एकदम जातात.

या प्रकारात हात आपोआप वळतो तो वर ‘नन’ किंवा शून्य देऊन मोकळं होण्याकडे. ते करू नका, जोपर्यंत ती किंमत खरोखर अर्थपूर्ण नाही. पायथनमध्ये नेमएरर नेमकी चुकीची ओळ दाखवतो. त्या जागी नन दिलं तर तो तीन फंक्शनं पुढे जाऊन फुटतो आणि माग काढायला दुपार जाते. सीमध्ये तर नुकसान जास्त. जीसीसी या कंपायलरचा ‘मेबी-अनइनिशियलाइज्ड’ इशारा ऑप्टिमायझेशनच्या पातळीनुसार आणि कंपायलरच्या आवृत्तीनुसार बदलतो, त्यामुळे तो अधूनमधून खोटा येतोच. पण तो घालवायला व्हेरिएबलला शून्य दिलं, की न भरलेल्या मेमरीचा वापर पकडणारी व्हॅलग्राइंड आणि मेमरीसॅनिटायझर ही टूल्सही आंधळी होतात. त्यांच्या दृष्टीने ती मेमरी आता रीतसर भरलेली असते, मग एखाद्या वाटेवर खरी किंमत द्यायची राहून गेली तरी कुणीच सांगत नाही.

शेल आणि पीएचपी

शेलचेक एससी२१५४ फक्त लहान अक्षरांतल्या नावांवर देतं. पूर्ण मोठ्या अक्षरांतली नावं एन्व्हायर्नमेंटमधून येतात असं ते गृहीत धरतं. त्यामुळे बाहेरून येणाऱ्या नावांना मोठी अक्षरं आणि स्क्रिप्टमधल्या नावांना लहान, ही शिस्त पाळली की निम्मं काम होतं. दुसऱ्या फाइलमधून ‘सोर्स’ केलेली नावं असतील तर त्या ओळीच्या वर ‘शेलचेक सोर्स=’ या कॉमेंटमध्ये फाइलचा खरा पत्ता द्या आणि शेलचेक ‘-एक्स’ पर्यायासह चालवा. पत्ता स्क्रिप्टच्या फोल्डरपासून मोजायचा असेल तर ‘सोर्स-पाथ=स्क्रिप्टडिर’ लिहा. पत्त्याच्या जागी डेव्ह-नल लिहिलं तर फाइल सापडत नसल्याची तक्रार थांबते, पण एससी२१५४ तसाच राहतो, कारण नावं अजूनही दिसलेली नसतात. जिथे नाव असायलाच हवं तिथे महिरपी कंसात नावापुढे कोलन आणि प्रश्नचिन्ह द्या. इशारा जातो आणि नाव रिकामं असेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबते. फोल्डर पुसणाऱ्या आज्ञेत तर हे हवंच.

पीएचपीत खोटे इशारे मुख्यतः टेम्प्लेटमध्ये येतात, कारण व्हेरिएबल्स ‘एक्स्ट्रॅक्ट’ने किंवा इन्क्लूडने आत सोडलेले असतात. टेम्प्लेटच्या सुरुवातीला प्रत्येक व्हेरिएबलसाठी ‘@व्हार’ची डॉककॉमेंट टाइपसकट लिहा. टेम्प्लेटला काय काय लागतं याची यादीही त्यातून आपोआप तयार होते.

शेवटचा पर्याय: दडपायचंच असेल तर

वरचं काहीच लागू पडलं नाही, तरच ओळीवरची सूट, म्हणजे त्या ओळीपुरता इशारा बंद करणारी कॉमेंट. नियमाचा कोड लिहिल्याशिवाय ती देऊ नका. नुसतं ‘नोक्यूए’ त्या ओळीवरच्या सगळ्याच तक्रारी गिळतं, ‘नोक्यूए: एफ८२१’ फक्त एक. फ्लेक८मध्ये फाइलच्या वर कोडशिवाय ‘फ्लेक८: नोक्यूए’ लिहिलं तर अख्खी फाइल तपासणीतून बाहेर जाते, आणि हे महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही. ईएसलिंटच्या सूट देणाऱ्या कॉमेंटमध्ये दोन आडव्या रेघांनंतर कारण लिहिता येतं, ते लिहा.

सूट कालांतराने निरुपयोगी होते. ती शोधणारा नियम चालू ठेवा: रफमध्ये आरयूएफ१००, पायलिंटमध्ये ‘यूजलेस-सप्रेशन’, पायथनचे टाइप तपासणाऱ्या मायपायमध्ये ‘वॉर्न-अनयूज्ड-इग्नोअर्स’. हे मुळात बंद असतात, ते मुद्दाम सुरू करावे लागतात.

कोणताही उपाय केला तरी एक उलट चाचणी घ्या. त्याच फाइलमध्ये तेच नाव एका अक्षराने चुकवून लिहा आणि टूल चालवा. इशारा आला पाहिजे. नाही आला तर तुम्ही माहिती दिलेली नाही, टूलचा डोळाच झाकलाय. तसं असेल तर मागे जाऊन सूट आणखी लहान करा. पाहून झाल्यावर चुकवलेलं अक्षर परत दुरुस्त करायला विसरू नका.

एवढं करूनही इशारा उरला तर टूलमध्येच दोष असण्याची शक्यता आहे. फाइलची प्रत घ्या आणि एकेक ओळ काढत जा. प्रत्येक वेळी कोड चालतोय आणि इशाराही येतोय, हे दोन्ही तपासा. दहा-बारा ओळी उरल्या की टूल अद्ययावत करून पुन्हा बघा, कारण कित्येकदा दोष पुढच्या आवृत्तीत दुरुस्त झालेला असतो. तरीही राहिला तर त्या ओळी, टूलची आवृत्ती, भाषेची आवृत्ती, चालवलेली आज्ञा आणि इशाऱ्याचा पूर्ण मजकूर एवढं टूल बनवणाऱ्यांना कळवा. तोवर त्या ओळीवर कोडसह सूट ठेवा आणि शेजारी तक्रारीचा क्रमांक लिहा.